स्टेनलेस सुख

पेणमध्ये पावसाळा लागला की लोखंडाची परीक्षा सुरू होते. खाडीवरून खारा वारा येतो, भिंतींना ओल सुटते, आणि कडी-कोयंड्यापासून सायकलच्या तारांपर्यंत सगळ्यांवर तांबूस मिसरूड फुटतं. लहानपणी दिवाळीत घेतलेलं टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल पुढच्या दिवाळीपर्यंत कधी शाबूत राहिल्याचं आठवत नाही. अशा मुलखात मी बत्तीस बोअरचं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर बाळगून आहे, आणि ते स्टेनलेस स्टीलचं आहे. निळसर-काळ्या झाकेची शस्त्रं दिसायला रुबाबदार खरी. पण ती झाक म्हणजे माणसानं मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर. माणसानं एक थर दिला की आमची हवा दुसरा देते, आणि तिचा हात सढळ आहे.

या पोलादाचा प्रवासही मजेदार आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात म्हणून नवं पोलाद शोधत होते. 1913 मध्ये त्यांनी त्यात भरपूर क्रोमियम घातलं, तर ते आम्लालाही दाद देईना. मग त्याच्या सुऱ्या झाल्या. पुढे घराघरात ताटं-वाट्या आणि पोह्यांचे डबे झाले. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसननं स्टेनलेस स्टीलचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं ते 1965 साली. म्हणजे नळीसाठी निघालेलं पोलाद आधी स्वयंपाकघरात शिरलं आणि घामाच्या खिशापर्यंत पोचायला त्याला 52 वर्षं लागली.

आमच्या घरात या इतिहासाची दखल घेतली जाते. रविवारी सकाळी मी मऊ फडकं आणि तेलाची बाटली घेऊन बसलो की आतून विचारणा होते, "अहो, तुमचं भांडं घासून झालं का?" प्रश्नात तथ्य आहे. घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव आणि तारीख कोरलेली आहे. माझ्या भांड्यावर क्रमांक कोरलेला आहे. बाकीची भांडी रोज वापरात आहेत. माझं मात्र नुसतंच घासलं जातं.

पण त्या घासण्यात सुख आहे. चक्र बाहेर काढायचं, सहाही घरं उजेडाकडे धरून बघायची, नळीतून खिडकीचा गोल तुकडा बघायचा, चक्र परत बसवताना होणारा तो नेमका आवाज ऐकायचा. आकार तळहातात मावेल एवढा, वजन मात्र हातात घेतल्यावर आपण काय धरलंय हे विसरू न देणारं. नेमबाजीचं म्हणाल तर आखूड नळी हा नम्रतेचा वर्ग आहे. माशी आणि खाच यांच्यातलं अंतर इतकं कमी, की हात केसभर हलला तरी दहा पावलांवरचा कागद निवांत राहतो. शिवाय चाप जड. रिव्हॉल्व्हर गंजत नाही, पण काडतुसाचं पितळ आमच्या हवेत काळवंडतं. काडतुसांच्या बुडावर खडकीच्या कारखान्याची 'केएफ' ही अक्षरं असतात. तो कारखाना 1869 पासूनचा, म्हणजे हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याला बांधणाऱ्या 1878 च्या कायद्याहूनही जुना. त्या कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी बंड करणारे वासुदेव बळवंत फडके पनवेल-पेण रस्त्यावरच्या शिरढोणचे. एसटी तिथून जाते तेव्हा मी खिडकीतून जरा ओशाळून बघतो. त्यांनी सरकार हलवलं, मी अर्ज भरला.

अर्ज म्हणजे अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलिसांची चौकशी, वापराच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. मला दोन्ही मान्य. दुसरं घासायला माझ्याकडे रविवार नाही.

निवडणूक जाहीर झाली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. मग मी ते पिशवीत घालून पोलीस ठाण्यात नेतो, पोच घेतो आणि मतमोजणी आटोपेपर्यंत घरात उगीच मोकळं मोकळं वाटतं. शेजारच्या शेतकऱ्याला या रिव्हॉल्व्हरचं फार नवल. त्याचा प्रश्न सरळ असतो: "शेठ, यानं डुक्कर मरतं का?" नाही मरत. शिवाय परवानगीशिवाय मारणं गुन्हा. वालाच्या शेतात रात्री त्याचे फटाके जे काम करतात ते माझ्या लाखाच्या वस्तूला जमणार नाही. हे ऐकून तो माझ्याकडे सहानुभूतीनं बघतो.

सासुरवाडी रोह्याची. तिथल्या एका लग्नात वरातीच्या वेळी चुलत सासरे कानाशी आले, "जावईबापू, एक बार काढा ना हवेत!" मी त्यांना सांगितलं, की आनंदाच्या भरात जीव धोक्यात घालणारी गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वस्तू पेणला कपाटात आहे. त्यांचा चेहरा पडला. खरं तर रोहेकरांना बंदुकीचं अप्रूप असायला नको. त्यांच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना, दसऱ्यानंतर पालखी निघताना सशस्त्र पोलीस सलामी देतात, आणि हा मान ब्रिटिश अमदानीपासून चालत आलाय. बंदुका खांद्यावरून खाली येतात, सगळा गाव हात जोडतो. शस्त्राचा एवढा सुंदर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या रिव्हॉल्व्हरला असला मान नाही. त्याचा वर्षातला एकच समारंभ खंडेनवमीचा. पाटावर कोयता, विळी, स्क्रूड्रायव्हर आणि मुलाचा लॅपटॉप यांच्या रांगेत ते बसतं. विळीला त्याच्याहून मोठं फूल मिळतं, आणि वर्षभराच्या कामाच्या मानानं ते योग्यच आहे. तुमच्याकडेही परवान्याचं शस्त्र असेल आणि पूजेला काढणार असाल, तर आधी चक्र उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः बघा, घरातल्या आणखी कुणाला दाखवा, मगच हळद-कुंकू लावा. आणि संध्याकाळी आठवणीनं पुसा. ओलं कुंकू रात्रभर राहिलं तर स्टेनलेसवरही डाग पडतो.