बीवाले काका

टोमॅटोची चार रोपं शर्टाखाली धरून मी लिफ्टमध्ये शिरलो आणि दुसऱ्या मजल्यावर नेमके काका आत आले.

“पोट धरून का उभा आहेस? दुखतंय?”

“नाही, काका.”

“मग टोमॅटो आहे. पानांचा वास येतोय.” त्यांनी मान हलवली. “विकतची रोपं!” माझी आजी ‘हॉटेलातलं’ हा शब्द ज्या सुरात उच्चारायची, अगदी त्याच सुरात.

तेव्हा मी सोसायटीत नवा होतो आणि बागेच्या बाबतीत तर कोरी पाटी. बाल्कनीत चार कुंड्या ठेवायच्या, घरची मिरची-कोथिंबीर खायची, एवढाच मनसुबा. बी पेरावं की रोप आणावं यावर माणसाचं चारित्र्य ठरतं, हे मला काकांमुळे कळलं. त्यांच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची. एक पेरणारी आणि दुसरी आयत्या बिळावरचे नागोबा.

काकांना तुम्हीही ओळखत असणार. पुण्यात दर दुसऱ्या सोसायटीत असे एक असतात, ठाण्या-नाशकातही मी पाहिलेत. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त. सदऱ्याच्या खिशात पेन, चष्मा आणि कागदाच्या चार पुड्या. लग्नाच्या पंगतीत कलिंगडाची फोड आली की बिया रुमालात. कुणाकडे पपई कापली की आधी “फेकू नका हं त्या”, मग चव. बिया वाळत घातलेली वर्तमानपत्रं घरभर पसरलेली, म्हणून काकूंच्या हाती पेपर तीन दिवसांनी लागतो. फ्रिजमध्ये अंड्यांच्या जागी औषधाच्या जुन्या बाटल्या. एकीत भेंडी, एकीत गवार, एकीत दोडका, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. एकदा काकूंनी लाल भोपळ्याच्या बिया भाजून त्यांची चटणी केली. ‘ते वाण गेलं’ असं काका अजून हळहळतात. चटणी चांगली झाली होती, हेही नाकारत नाहीत.

भाषा मात्र बँकेचीच राहिली आहे. “रोप म्हणजे ओव्हरड्राफ्ट,” ते मला कठड्याला टेकून सांगत. “आज हातात दिसतं, पण तुझं नसतं. बी म्हणजे मुदत ठेव. टाकायची आणि विसरायची.” विसरायची असं ते म्हणतात खरं, पण स्वतः दिवसातून पाच वेळा ट्रेपाशी जाऊन भिंग लावतात.

काकांचं सगळंच ऐकण्यासारखं नाही, पण अर्धं नक्की आहे. मेथी, पालक, मुळा, गाजर, भेंडी, गवार यांच्या नादाला लागायचं तर बीच पेरावं. “गाजराचं रोप उपटून लावशील तर मुळाला धक्का बसेल आणि पायजमा घातलेलं गाजर येईल,” हे त्यांचंच वाक्य. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, नवशिक्याचा जीव राखते. धन्याचं प्रकरण वेगळं. “अख्खा धना म्हणजे जोडघर. आत दोन बिऱ्हाडं. आधी रगडून वेगळी कर, रात्रभर भिजव, मग पेर. आणि दहा-बारा दिवस माती उकरून बघायची नाही.” मी सहाव्या दिवशी उकरून पाहिलं होतं. कुंडीकडे नुसतं बघून त्यांनी ते ओळखलं.

गाडी अडते ती मिरची, टोमॅटो, वांगी यांच्यापाशी. ही आधी वाफ्यात किंवा ट्रेमध्ये महिनाभर, मिरची तर त्याहूनही थोडी जास्त, सांभाळावी लागतात आणि मग हलवावी लागतात. एकरानं टोमॅटो लावणारा शेतकरीसुद्धा हल्ली रोपवाटिकेतून तयार रोपं उचलतो. काकांना हे सांगून पाहिलं. त्यांनी थेट राहीबाई पोपेरे यांनाच पुढे केलं. “अकोले तालुक्यातल्या त्या बाईनं देशी वाणांची बँक उभी केली, 2020 सालची पद्मश्री मिळवली. ती काय रोपं विकत आणून?” यावर काय बोलणार? राहीबाईंची बियाणे बँक आणि काकांच्या फ्रिजचं दार यांत थोडं अंतर आहे, एवढं मनात म्हटलं.

परवाच्या अक्षय्य तृतीयेला काकांनी 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून मिरची पेरली. कप्प्यागणिक एक बी, वाण ‘पुसा ज्वाला’. पुसा हे बिहारमधलं गाव, 1905 साली शेती संशोधनाची संस्था तिथे सुरू झाली, 1934 च्या भूकंपात इमारत पडली आणि 1936 साली बिऱ्हाड दिल्लीला आलं, पण नाव पुसाच राहिलं. हा इतिहास मला ट्रे सावलीत उचलून ठेवताना, म्हणजे हात अडकलेले असताना, ऐकवण्यात आला. दहाव्या दिवसापासून कोंब दिसू लागले. शेवटची मोजणी 61. “62.2 टक्के!” काका जिन्यातूनच ओरडले. “सरकारी नियमाला 60 लागतात. पास!” कुठला कप्पा भरला, कुठला रिकामा, याचा नकाशा वहीत उतरला.

घरात माणसं दोन आणि मिरचीची रोपं 61. त्यातून काकांना तिखट सोसत नाही. भाज्यांपैकी ते फक्त बटाट्याच्या काचऱ्या खातात, हे मला सहा महिन्यांनी कळलं. या माणसाला भाजीत रस नाहीच. त्याला कोंब वर येतानाचं ते वाकलेलं मानेचं वळण तेवढं हवं असतं. दोन पानं सुटली की त्याचा उत्साह ओसरतो, बारसं झाल्यावर पाहुणे उठावेत तसा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला दोघं आठ दिवस नाशिकला गेली. किल्ली माझ्याकडे. “फवारायचं. ओतायचं नाही,” काकांनी दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकलेल्या दिसल्या आणि माझं काळीज हललं. मी तांब्याभर पाणी ओतलं. संध्याकाळी पुन्हा एक. चौथ्या दिवशी सगळी पलटण आडवी. देठ मातीलगत काळे पडून चिमटीत धरल्यासारखे बारीक झाले होते. याला रोपमर म्हणतात, आणि ती जास्तीच्या पाण्यानं होते, हे मला त्या रात्री समजलं. 61 पैकी 61.

सकाळी रोपवाटिका गाठली.

“मिरचीची 61 रोपं द्या.”

“61?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “अहेराचं पाकीट आहे का दादा, वर एक?”

“मोजून 61 लागतील.”

“कुठली देऊ?”

“मिरची.”

“अहो, पण कुठली?”

“हिरवी,” मी म्हणालो.

त्यानं पुढं काही विचारलं नाही. एका ट्रेमध्ये 40 निघाली, उरलेली 21 शेजारच्या ट्रेमधून काढून दिली. दोन रुपयाला एक, 122 रुपये झाले. त्याचेही ट्रे 98 चेच, त्यामुळे रोपं मुळांसकट चपखल बसली. वहीतला नकाशा समोर ठेवून, चहाच्या चमच्यानं, रात्री एक वाजेपर्यंत मी ती भरली. रिकामा कप्पा रिकामाच ठेवला. एवढं मन लावून मी दहावीचा अभ्यासही केला नव्हता.

काका आले ते बॅग दारात टाकून आधी गॅलरीत गेले. मी मागे उभा. बोटभर सोडून गेलेली रोपं वीतभर झाली होती. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग भरल्या आवाजात म्हणाले, “जीवामृत! जाताना फवारलं होतं मी. बघ, काही तर पानं कशी रुंद झालीत!”

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातावर लग्नातला बुंदीचा लाडू ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, “किती पडले?”

“कशाचे, काकू?”

“रोपांचे रे.”

“122.”

त्यांनी डब्यातून सव्वाशे काढून माझ्या खिशात कोंबले. “त्यांना बोलू नकोस. गेल्या वर्षी टोमॅटोच्या वेळी मला दीडशेला पडलं होतं.”

जूनमध्ये काकांनी घरोघर रोपं वाटली. प्रत्येकाला दोन, सोबत पाण्याबद्दल पाच मिनिटांचं भाषण. ऑगस्टअखेर तिसऱ्या मजल्यावर लांब, सुरकुतलेली, झणझणीत ज्वाला लागली. माझ्याकडे आणि खुद्द काकांच्या दोन कुंड्यांत मात्र गुबगुबीत ढोबळी मिरची लटकू लागली.

काका दोन दिवस वही घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी निष्कर्ष आला. “परागीभवन. समोरच्या इमारतीत कुणीतरी ढोबळी लावली असणार. मधमाश्यांचं काम.” संकर झाला तरी तो त्या फळात दिसत नाही, त्याच्या बीपासून उगवलेल्या पुढच्या पिढीत दिसतो, हे मला त्यांनीच एप्रिलमध्ये शिकवलं होतं. मी “हो, मधमाश्या फार झाल्यात हल्ली” एवढंच म्हणालो. काकूंनी त्या रात्री भरली ढोबळी केली. काकांनी आतलं बटाट्याचं सारण तेवढं खाल्लं आणि बिया रुमालात बांधल्या.

त्यातली एक पुडी माझ्याही वाट्याला आली आहे. तिच्यावर तारीख, वजन आणि ‘नवीन वाण, आपल्या सोसायटीचे’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलंय. पुढच्या मे महिन्यात पुतण्याचं लग्न निघालंय, या वेळी दहा दिवसांचा मुक्काम कोल्हापूरला आहे आणि किल्ली माझ्याकडेच येणार आहे. रोपवाल्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय, दादा, या खेपेला सगळी एकाच ट्रेमधली दे.