आतून हिरवं आहे

काकाजींकडे नुसता निरोप द्यायला गेलेला माणूस तासाभराच्या आत परत आला, तर घरचे समजतात की काकाजी घरी नसावेत. तुमच्याही वस्तीत असा एक गृहस्थ असणारच. त्यामुळे ते फाटक, ती कडी, आणि कडी वाजताक्षणी कुठल्याशा कुंडीमागून वर येणारं डोकं, यांचं वर्णन करत बसत नाही. सरळ आत चला. चपला काढू नका, चिखल आहे.

नागपुरात बाग करणं हाच मुळात हट्ट. एप्रिलमध्येच पारा 42 ला भिडतो, मे महिन्यात 45 ला कोणी बातमी म्हणत नाही, आणि महिन्याच्या शेवटी नवतपा सुरू झाला की गल्लीतली कुत्री कूलरखालच्या ओलीसाठी भांडतात. असल्या गावात शहाणा माणूस कण्हेर लावतो, सदाफुली लावतो, बोगनवेल लावतो आणि दुपारी झोपतो. काकाजींनी सफरचंद लावलं.

अगदीच खुळेपणा होता असंही नाही. हिमाचलातल्या एका शेतकऱ्याने कमी थंडीत फळं देणारी एचआरएमएन-99 ही जात काढली आहे, हे खरंच आहे. काकाजींनी ते मोबाइलवर पाहिलं आणि रोप मागवलं. खोक्यातून निघाली ती दीड हात लांबीची काटकी. फेब्रुवारीत तिला थोडी पानं फुटली तेव्हा अख्ख्या कॉलनीला चहा मिळाला. एप्रिलमध्ये पानं गळाली. मी म्हटलं, "काकाजी, गेलं हे."

"गेलं नाही जी." काकाजींनी अंगठ्याचं नख काटकीवर टेकवलं आणि तांदळाएवढी साल खरवडली. "हे पाहा. आतून हिरवं आहे."

होतं खरं. करड्या सालीखाली ओलसर, पोपटी रेघ. ही परीक्षा काही खोटी नाही, कुठलाही माळी अशीच करतो. सालीखालचा तो पातळ थर हिरवा आणि ओला असेपर्यंत फांदीत जीव असतो, तपकिरी झाला की संपलं. फरक एवढाच की माळी एकदा पाहतो. काकाजी सकाळी पाहत, संध्याकाळी पाहत, पाहुणा आला की पाहत, आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली तर दुसऱ्या बाजूनेही पाहत. आता, पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. साल चारी बाजूंनी निघाली की मुळं उपाशी मरतात. मेच्या मध्यापर्यंत ती काटकी बुडापासून शेंड्यापर्यंत सोलून निघाली होती. सफरचंद नागपूरच्या उन्हानं गेलं अशी कॉलनीत समजूत आहे. ऊन निर्दोष आहे.

ते नख काकाजी मुद्दाम वाढवतात. त्याच्या कडेला कायम एक हिरवट काळी रेघ असते, साबणाला न जुमानणारी. पंगतीत वाढायला काकाजी उठले की काकू म्हणतात, "तुम्ही पाण्याचा जग घ्या."

महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीने त्यांना जरा अडचणीत आणलं होतं, कारण तिला खरवडायला सालच नाही. होळीच्या आसपास ती भुईसपाट झाली. काकाजींनी ती उपटून मूळ मोडून पाहिलं आणि म्हणाले, "आतून पांढरं आहे. म्हणजे चांगलंच आहे." मग पुन्हा लावली. एकदा मोडलेलं मूळ पुन्हा लावायला जो आत्मविश्वास लागतो तो आपल्या नोकरीच्या काळात त्यांनी कुठे वापरला असता, तर आज ते खात्याचे सचिव म्हणून निवृत्त झाले असते.

पपई नर निघाली. आठ महिने शेणखत खाऊन तिने लांब लांब दांड्यांवर फुलांचे घोस सोडले आणि बास. कोणीतरी सांगितलं, बुंध्यात खिळा ठोका, मादी होते. काकाजींनी ठोकला. पपई नरच राहिली. मात्र खिळा चांगला बसल्यामुळे काकूंनी त्याला दोरी बांधली, आणि त्यावर आजही टॉवेल वाळतात.

पण खरं प्रकरण संत्र्याचं. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतून काकाजी स्वतः जाऊन कलम घेऊन आले. संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंभेरीचा खुंट आणि त्यावर भरलेला संत्र्याचा डोळा. डोळ्याच्या खालून जंभेरीची फूट आली की ती लगोलग काढायची, नाहीतर ती वरच्याला खाऊन टाकते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. काकाजींनाही ठाऊक होतं. पण फूट हिरवी होती, आणि हिरव्याला कात्री लावणं त्यांच्याकडून होत नाही. जंभेरीने हा स्वभाव बरोबर ओळखला. दोन उन्हाळ्यांत वरचा संत्रा वाळून कोळ झाला आणि खालची जंभेरी काटे परजत स्लॅबला जाऊन भिडली. पुढे तिला फळं लागली. पिवळी, जाड सालीची, खरबरीत. काकाजींनी पिशवी भरून घरोघर वाटली, "घरचा संत्रा आहे जी, नागपुरी!" ज्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो नागपुरातल्याच माणसाला ओळखता येणार नाही असा त्यांचा भरवसा होता. आमच्या सासऱ्यांनी विश्वासानं फोड तोंडात टाकली. त्यांचा डावा डोळा जो मिटला तो थेट जेवायच्या वेळी उघडला.

मी फळ घेऊन परत गेलो. "काकाजी, ही जंभेरी आहे."

"वरून जंभेरी आहे," काकाजी म्हणाले. "आतून संत्राच आहे."

काकाजींचं हे "आतून" आमच्याकडे रुळलं. बंद पडलेला मिक्सर आतून हिरवा आहे. पाचव्यांदा एमपीएससीला बसलेला भाचा आतून हिरवा आहे. ज्या पक्षाला काकाजी तरुणपणापासून मत देत आले, त्याची अवस्था निकालाच्या दिवशी टीव्हीवर सगळ्या देशानं पाहिली. रात्री दहा वाजता काकाजी फाटकाशी उभे होते. मी नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "आतून..." आणि आत गेले.

खतांच्या बाबतीत त्यांना प्रमाण हा प्रकार मान्य नाही. जीवामृताची कृती सुभाष पाळेकरांची: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. हे एका एकरासाठी. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, आणि काकाजींचं अंगण जेमतेम हजार. पण पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, 2016 साली पद्मश्री मिळालेले. आपल्याकडच्या एवढ्या मोठ्या माणसाच्या मापात काटछाट करणं काकाजींना उद्धटपणाचं वाटलं. तेव्हा अख्ख्या एकराचं जीवामृत तयार झालं आणि त्या दिवाळीत काकूंचे बेसनाचे लाडू झाले नाहीत. उरलेलं जीवामृत काकाजींनी कॉलनीत कॅन भरभरून वाटलं. नको म्हणणाऱ्यांच्या फाटकात ठेवून आले.

दशपर्णीची गोष्ट तर आमच्या घरातलीच. कडुनिंब, करंज, सीताफळ, एरंड, निरगुडी, पपई, रुई, कण्हेर असा दहा झाडांचा पाला, शेण आणि गोमूत्र घालून पाण्यात महिनाभर कुजवायचा, रोज काठीनं ढवळायचा, की किडीला पळवणारा अर्क तयार. कीड पळते. बाकीचेही पळतात. निळा ड्रम आमच्या सामाईक भिंतीला टेकून होता आणि नेमक्या विसाव्या-बाविसाव्या दिवशी, म्हणजे माल ऐन भरात असताना, आमच्याकडे भाचीला पाहायला मंडळी आली. पोहे समोर आले तेवढ्यात काकाजींनी ढवळायला घेतलं. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "इकडे ड्रेनेजचं काम चालू आहे का जी?" मी तोंड उघडणार तोच मुलाचे वडील पोह्यांची प्लेट ठेवून उठले. "दशपर्णी आहे," असं म्हणत ते भिंतीपाशी गेले, मग भिंतीपलीकडे गेले. दोघं दोन तास ड्रमापाशी होते. मुलीला कोणी काही विचारलंच नाही. लग्न झालं. भाचीच्या सासरी आता असेच दोन ड्रम आहेत, आणि ती माझ्याशी पूर्वीइतकं बोलत नाही.

काकाजींना शत्रू नाहीत. गोडलिंबाच्या रोपावर दरसाल अळ्या येतात. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानांच्याच रंगाच्या होतात. डिवचलं तर मानेमागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. काकू त्या काडीनं काढून बाहेर फेकायला निघतात. काकाजी आडवे येतात. एकेक अळी पानासकट तळहातावर घेऊन ते जंभेरीवर नेऊन सोडतात, कारण तीही त्यांना चालते आणि तिथे पानांना तोटा नाही. "काहून मारता? फुलपाखरू आहे ते," काकाजी म्हणतात. "आतून."

या माणसावर चिडायची माझी चांगली सवय होती. कूलरच्या टाकीतलं उरलेलं खारट पाणी कुंड्यांना घालून पानांच्या कडा जाळणं, आणि जळाल्या की मला बोलावून दाखवणं, एवढं कारण मला पुरत असे. ती सवय मोडली त्याचं निमित्त क्षुल्लक होतं. काकाजींच्या बऱ्याच कुंड्यांवर लाल ऑइलपेंटनं अक्षरं काढलेली आहेत: "बँ.", "डॉ.", "मा. बाई", "16 नं.". मला वाटायचं, खतांच्या प्रयोगांच्या खुणा. एका रविवारी मी तिथे असताना फोन वाजला. पलीकडचा आवाज चांगला मोठा होता, म्हाताऱ्या माणसांचा फोनवर असतो तसा. आमच्या कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई. घर विकून त्या पुण्याला मुलाकडे गेल्या, अकराव्या मजल्यावर. "काकाजी, माझा मोगरा कसा आहे हो?"

काकाजी "मा. बाई" लिहिलेल्या कुंडीकडे वळले. तीत चार वाळक्या काड्या होत्या. त्यांनी सवयीनं नख लावलं. मी वाकून पाहिलं. तपकिरी.

"आतून हिरवा आहे बाई," काकाजी फोनवर म्हणाले. "एक पाऊस पडू द्या फक्त."

मग मी सगळी अक्षरं वाचली. बँकवाले बंगळुरूला गेले. डॉक्टरीणबाई मुलीकडे अमेरिकेत. 16 नंबरचे तर जगातच नाहीत, आणि त्यांच्या मुलांना वडिलांचं अडेनियम इथे आहे हे माहीतही नसणार. आमच्या कॉलनीत एक एक प्लॉट रिकामा होतो, जुनं घर पाडलं जातं, आणि तिथे फ्लॅट स्कीम उभी राहते. खाली पार्किंग, वर चार मजले. जाताना सामान ट्रकमध्ये जातं. कुंड्या ट्रकमध्ये चढत नाहीत. त्या रात्री काकाजींच्या फाटकाशी आणून ठेवल्या जातात. काकाजींनी आजवर एकही परत पाठवलेली नाही आणि, माझ्या माहितीप्रमाणे, जवळपास एकही जगवलेली नाही. माणूस जर बागकामात थोडा हुशार असता तर त्याच्यावर प्रेम करणं सोपं गेलं असतं.

मास्तरीणबाईंच्या प्लॉटवरच्या स्कीमचा सॅम्पल फ्लॅट परवा तयार झाला. बायको म्हणाली, नुसता पाहून येऊ. काकाजी बरोबर निघाले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. माहिती देणारा मुलगा टाय लावलेला, उत्साही. त्यानं स्वयंपाकघर दाखवलं, मग बाल्कनीचं दार सरकवलं: "आणि हे तुमचं ग्रीन स्पेस." खाली प्लॅस्टिकची हिरवळ, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा बांबू, भिंतीला प्लॅस्टिकचाच वेल.

काकाजी खाली बसले. बांबूच्या कांडाला त्यांनी नख लावलं आणि खरवडलं. हिरवा पापुद्रा निघाला. आणखी खोल गेले. हिरवंच.

"काका, सॅम्पल आहे ते, खराब होईल," मुलगा म्हणाला.

"पाणी किती लागते याले?"

"लागतच नाही! महिन्यातून एकदा ओल्या कापडानं पुसलं की झालं."

काकाजींनी पापुद्रा बोटावर घेऊन उजेडात धरला, मग खिशात टाकला. काही बोलले नाहीत. माहितीपत्रकात भाव पाहून मीही काही बोललो नाही. बायको मात्र ओट्याची उंची मोजत होती, आणि ती मोजायला लागली की पुढचं मला कळतं.

जिना उतरताना काकाजींनी विचारलं, "तुमच्या फाटकावरची मधुमालती जुनी आहे ना भाऊ? दसऱ्याच्या आत हलवली तर लागते. मोठी कुंडी लागेल."

"काकाजी, आम्ही फक्त पाहायला आलो होतो."

"हो ना जी, मी पण." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "वरते नाव कोणाचं लिहू? तुमचं का वहिनींचं?"

"माझं लिहा," मागून बायको म्हणाली. "यांनी कधी एक तांब्या पाणी घातलं नाही तिला."