पाहुण्याची बॅटरी

लिनक्सच्या पोटात आभासी यंत्र उभारून त्यात विंडोज चालवायचं आणि लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड त्या पाहुण्याच्या हवाली करायचं, अशी माफक इच्छा असलेल्यांची उत्पादकांनी केलेली सोय वाखाणण्याजोगी आहे. माहितीपत्रकात कीबोर्डखालच्या दिव्यांचे रंग तपशिलाने छापलेले असतात. एचडीएमआयचं पोर्ट कोणत्या कार्डाला जोडलंय, हे मात्र गिऱ्हाइकाने पैसे भरून शोधायचं. पत्रिका आधी जुळवा, नवरा मांडवात पाहा.

कित्येक लॅपटॉपांत महागड्या कार्डापासून पडद्यापर्यंत तारच जात नाही. राबायचं त्याने, मिरवायचं प्रोसेसरमधल्या धाकट्याने! मग मॉनिटरचं सोंग घेणारा बोटाएवढा प्लग आणायचा. तोही जोडला गेला पाहिजे योग्य कार्डालाच.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर तर फारच शिस्तीचा. यंत्र आभासी असल्याचा वास आला की ‘कोड ४३’ म्हणून हात वर करायचा. २०२१मध्ये कंपनीने जीफोर्स कार्डांना आभासी यंत्रात चालायची रीतसर मुभा दिली.

लॅपटॉपच्या काही कार्डांना मात्र आणखी एक पुरावा लागतो: बॅटरी. आभासी यंत्राला ती कुठून असणार? म्हणून जाणकार विंडोजला हार्डवेअरची ओळख करून देणाऱ्या एसीपीआयच्या तक्त्यातून खोटी बॅटरी दाखवतात, आणि ड्रायव्हर समाधानाने कामाला लागतो.

खरी बॅटरी गेम सुरू होताच मान टाकते. खोटी अजून एकदाही उतरलेली नाही. पुढच्या माहितीपत्रकात तिचेच तास छापायला हरकत नसावी.