आकडा

मेट्रोपार्क स्टेशनच्या फलाटावर सकाळी भाऊ दिसले की आम्ही चार-पाच मराठी मंडळी त्यांना नमस्कार वगैरे करत नाही. "काय भाऊ, आज काय लागला?" असं विचारतो, मटक्याचा आकडा विचारावा तसं. भाऊ रागावत नाहीत. डब्याची पिशवी काखेत मारतात, फोन काढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पडद्याकडे असे बघतात की जणू दहावीचा निकाल लागलाय.

"पाचशे अठ्ठेचाळीस."

"म्हणजे कालचाच."

"कालचाच."

"भाऊ, महिन्यातनं एकदा हलतो तो. रोज कशाला बघता?"

"ठाऊक आहे रे. पण हलला आणि आपण जागेवर नव्हतो, असं नको व्हायला."

अमेरिकेत माणसाला नाव असतं, आडनाव असतं आणि एक क्रेडिट स्कोअर असतो. पहिल्या दोन गोष्टी इथं कुणाला नीट उच्चारता येत नाहीत, त्यामुळे तिसरीवर भर. हा आकडा ३०० ते ८५० च्या मधे कुठंतरी बसतो. भाऊंचा एकेकाळी सातशेच्या वर आरामात बसला होता. मग तो दोन ठेचांनी खाली आला.

पहिली ठेच मित्रप्रेमाची. मिरजेकडच्याच एका पोरानं गाडी घेतली आणि कर्जाला भाऊ जामीन राहिले. "जामीन राहू नये" हे आबांनी त्यांना लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते भाऊंच्या कानांना श्लोकासारखं झालं होतं: पाठ होतं, अर्थाकडे लक्ष नव्हतं. पोरगा वर्षभरात नोकरी बदलून टेक्सासला गेला. गाडी टेक्सासला गेली, हप्ते एडिसनला राहिले. भाऊंना कळलं तेव्हा तीन हप्ते चुकले होते.

दुसरी ठेच अडतीस डॉलरची. एका मोठ्या दुकानात भाऊ कढया घेत होते. गल्ल्यावरची मुलगी गोड हसून म्हणाली, दुकानाचं कार्ड घेतलंत तर आज पंधरा टक्के कमी होतील. भाऊंनी घेतलं. मग भाऊंनी घर बदललं, कार्डाचं बिल जुन्या पत्त्यावर जात राहिलं. अडतीसवर दंड, दंडावर व्याज, आणि शेवटी ते प्रकरण वसुलीवाल्या कंपनीकडे. त्या कढया भाऊ अजून वापरतात. पिठलं करताना एकदा मला म्हणाले, "हिला सोन्याचा मुलामा आहे, तुला दिसत नाही."

तरी भाऊंचं बरं चाललं होतं. आयझलिनमधे एका गुजराती बेनच्या घराच्या तळघरात ते राहत. बेननी स्कोअर विचारला नव्हता. मांसमच्छी करणार नाही ना, एवढंच विचारलं होतं. पण वहिनी आणि मुलगी मिरजेहून यायच्या ठरल्या आणि तळघर पुरेना. भाऊ स्टेशनजवळच्या एका मोठ्या संकुलात फ्लॅट बघायला गेले. फ्लॅट पसंत पडला. आकडा पडला नाही. साडेसहाशेच्या खाली आम्ही देत नाही, असं ऑफिसातली बाई म्हणाली.

भाऊंनी आपलं ठेवणीतलं शस्त्र काढलं. "डिपॉझिट जास्त घ्या. सहा महिन्यांचं देतो." पुण्या-मुंबईत हे वाक्य ऐकून मालक चहा मागवतो. ती बाई घाबरली. न्यू जर्सीच्या कायद्यानं दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही म्हणाली. भाऊ पैसे घेऊन उभे आणि कायदा घेऊ देईना! हा प्रसंग त्यांनी आम्हाला निदान वीसदा सांगितला असेल, आणि दर वेळी शेवटचं वाक्य तेच: "नोटा आहेत लेका, पत नाही."

त्या दिवसापासून भाऊंनी दीक्षा घेतली.

आधी अहवाल मागवले. इथं माणसाच्या उधारीची नोंद तीन मोठ्या कंपन्या ठेवतात: इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन. भाऊ त्यांना ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणतात; यातला महेश कोण, ते महिन्यागणिक बदलतं. अहवालात भाऊंना आपलीच चार नावं दिसली. दोष त्यांचाच होता. कुठल्या अर्जात त्यांनी वडिलांचं नाव मधे घातलं होतं, कुठं नुसतं आद्याक्षर, कुठं आडनावाच्या जागी वडील. त्यामुळे 'उर्फ' म्हणून खाली यादीच आलेली. "आबांच्या नावानं मी इथं फरार गुन्हेगार दिसतोय," म्हणाले.

त्या वसुलीची नोंद मात्र खरोखरच दोनदा लागली होती, एकाच अडतीस डॉलरसाठी. त्यावर भाऊंनी हरकतीचं पत्र लिहिलं. कायद्याप्रमाणे हरकत आली की साधारण तीस दिवसांत शहानिशा करावी लागते. हे सगळं फोनवरून, घरबसल्या करता येतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "रजिस्टर पोचपावतीची मजा तुला नाही कळायची." पोस्टात जाऊन त्यांनी सर्टिफाइड टपालानं पत्र धाडलं. आता या टपालाची पोचपावती म्हणजे एक हिरवं पुठ्ठ्याचं कार्ड असतं. समोरच्याची सही होऊन ते आपल्याकडे परत येतं. आठव्या दिवशी भाऊ फलाटावर ते हिरवं कार्ड नाचवत आले. "बघा! तुम्ही बारा-बारा वर्षं रांगेत उभे आहात. मला आठ दिवसांत ग्रीन कार्ड!" आमच्यातला एकजण खरोखरच बाराव्या वर्षात होता. तो हसला नाही.

दुसरी नोंद उडाली. पहिली राहिली, कारण ती खरी होती. खरी वाईट नोंद सात वर्षं राहते. यावर भाऊंचं मत आशावादी आहे. "शनीची साडेसाती असते. इथं नुसती साती आहे. सहा महिने सूट."

मग आलं कार्ड. पत गेलेल्या माणसाला बँक एक कार्ड देते, ज्यात आपलेच तीनशे डॉलर बँकेकडे ठेवायचे आणि बँकेनं तीनशेपर्यंतची उधारी आपल्याला द्यायची. मी म्हटलं, हा काय उद्योग? भाऊ म्हणाले, "मुंज झाल्यावर भिक्षा मागतात ना, आईच वाढते. तसं." या कार्डावर किती खर्च करायचा याचं शास्त्र आहे. मर्यादेच्या मानानं जितकं कमी वापराल तितकं बरं दिसतं. दहा टक्क्यांच्या आत राहावं, असं भाऊंनी कुठंतरी ऐकलं आणि ते व्रतासारखं धरलं. "आबा म्हणायचे अंथरूण पाहून पाय पसरा. इथं अंथरुणाच्या दहा टक्केच पसरायचे. बाकी अंथरूण फक्त दाखवायला."

एका शनिवारी ओक ट्री रोडवरच्या दुकानात मी त्यांच्या मागे उभा होतो. तूरडाळ, पोहे, हिंगाची डबी, कोथिंबीर, भेंडी, गवार. यंत्रावर एकतीस डॉलर चाळीस सेंट आले. भाऊ थबकले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला. एकेक जिन्नस त्यांनी उचलून बघितला, जणू यातला फितूर कोण आहे ते ओळखायचंय. हिंगावर बोट ठेवलं, पण हिंगाशिवाय डाळ कशी? भेंडी मुलीच्या आवडीची नाही, पण मुलगी अजून मिरजेत होती. शेवटी गवारीची पिशवी बाजूला काढून म्हणाले, "गवार रोखीत. बाकी कार्डावर." पोरानं दोन बिलं केली. मागची बाई सुस्कारे टाकत होती. भाऊ तिला म्हणाले, "सॉरी, मॅडम. युटिलायझेशन." आणि तिला ते कळलं! तिनं मान डोलावली. मला वाटतं त्या रांगेत आणखी दोघांना तरी कळलं असावं.

भिंतीवर त्यांच्याकडे कालनिर्णय आहे, दर दिवाळीला कुणीतरी येताना घेऊन येतं. त्यात एकादशीच्या शेजारी लाल पेनानं 'स्टेटमेंट' आणि संकष्टीच्या खाली 'भरणा' असं लिहिलेलं असतं. स्टेटमेंट निघायच्या दोन दिवस आधी ते बरेचसे पैसे भरून टाकतात आणि दोन-तीन डॉलर मुद्दाम शिल्लक ठेवतात. ते मग देय तारखेच्या आत. "वाटी अगदी पुसून ठेवू नये. घरात कुणी जेवत नाही असं वाटतं."

भाऊंचं पेटंट व्याख्यान पाच टक्केवारींचं. वेळेवर भरणा ३५ टक्के, उधारीचा बोजा ३०, खात्यांचं वय १५, नवी खाती १०, प्रकारांची सरमिसळ १०. नवीन आलेलं कुणीही पोर गाडीत सापडलं की न्यूअर्क येईपर्यंत हे पूर्ण होतं. "नुसतं वेळेवर भर. पस्तीस आले. दहावीला आपण तेवढ्यावरच पास होत होतो की." मग फेअर आणि आयझॅक यांचं पुण्यस्मरण: एक इंजिनिअर, एक गणिती, १९५६ साली दोघांनी कंपनी काढली, पण आज जो स्कोअर म्हणतात तो आला १९८९ मधे. ही सनं भाऊ शिवजन्माच्या तारखेसारखी सांगतात, म्हणजे तुम्ही चुकलात तर वाद तयार आहे.

आणि 'दृष्ट'. कर्जासाठी कुणी आपला अहवाल उघडला की स्कोअर काही गुणांनी उतरतो, आणि त्या बघण्याची नोंद दोन वर्षं राहते. आपणच आपला बघितला तर उतरत नाही. भाऊंना हे समजावून सांगावंच लागलं नाही. "म्हणजे परक्याची नजर लागते, घरच्यांची लागत नाही. आमच्या आईला हे ठाऊक होतं."

सगळ्यात अवघड गेलं ते आबांना सांगणं. आबा व्हिडिओवर येतात तेव्हा पडद्यावर नेहमी अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. मी तिथं होतो.

"कर्ज किती झालंय तुला?"

"कर्ज नाही, आबा. पत सुधारतोय. त्यासाठी थोडी उधारी करावी लागते."

पंखा बराच वेळ फिरत राहिला.

"आम्ही जन्मात उधारी केली नाही. वाण्याच्या वहीतलं पान उलटायच्या आत पैसे पोचते केले. आमची पत किती भरंल तिथं?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. खरं उत्तर असं होतं, की आबांचा आकडाच निघाला नसता. कधी उधार न घेतलेल्या माणसाबद्दल यंत्राला काही म्हणायचंच नसतं. भाऊ म्हणाले, "आठशे पन्नास, आबा. पैकीच्या पैकी." त्यांनी त्या वर्षात मारलेली ही एकमेव थाप असावी.

हे सगळं मी वरून बघून हसतोय असं वाटेल. तसं नाही. मागच्या हिवाळ्यात मी गाडीचं कर्ज संपवलं, घरी गोड केलं, आणि पुढच्या महिन्यात माझा आकडा चौदानं उतरला. रात्री दोनदा उठून बघितलं. सकाळी भाऊंना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. "फेडलंस? सगळं? मग उतरणारच! चालू खात्यांत सरमिसळ राहिली नाही ना." रोग्याला आपलाच रोग झालेला बघून वैद्याला जो आनंद होतो, तो.

चौदा महिने असे गेले. बेनना त्यांनी रोख देणं बंद करून चेक द्यायला सुरुवात केली होती. बेन दुखावल्या, 'भाई, भरोसो नथी?' म्हणाल्या. भाऊ म्हणाले, "भरोसा आहे, बेन, पण रोखीला साक्षीदार नाही." बेननी शेवटी स्वतःच्या हातानं शिफारस लिहून दिली: भाडं एक तारखेला येतं, नळ गळाला तर माणूस स्वतः दुरुस्त करतो, आणि मांसमच्छी करत नाही. भाऊंनी स्वतःचंही एक खुलासापत्र जोडलं. इंग्रजीत होतं, पण वाचताना 'सविनय सादर, विनंती विशेष' ऐकू येत होतं. त्यात टेक्सासच्या पोराचं नाव त्यांनी घातलं नाही. मी विचारलं का, तर म्हणाले, "मिरजेचं आहे लेका ते. त्याचा आकडा कशाला उतरवू?"

मार्चातल्या एका मंगळवारी भाऊ फलाटावर आले ते फोन न काढताच. आम्ही विचारलंच नाही, इतके ते सावकाश चालत होते. गाडीत बसले, डबा मांडीवर ठेवला, आणि रॉवे मागे गेल्यावर म्हणाले, "सहाशे एकसष्ट." दूरच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. तो मराठी नव्हता.

फ्लॅट मिळाला. वहिनी आणि मुलगी मे महिन्यात आल्या. पहिल्याच रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून सामान आणायला घेऊन गेलो: गाद्या, पडद्यांचा दांडा, मुलीचं टेबल. ढकलगाडी भरून आम्ही गल्ल्यावर पोचलो. तिथल्या मुलीनं सगळं मोजलं आणि गोड हसून विचारलं, दुकानाचं कार्ड घ्याल का? आज पंधरा टक्के कमी होतील.

भाऊंचा हात खिशाकडे जाता जाता थांबला.

वहिनींना इंग्रजी येतं. त्या म्हणाल्या, "अहो, घ्या की! पंधरा टक्के म्हणजे दांडा फुकट पडला."

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. गल्ल्यावरच्या मुलीला हातानं जरा थांब अशी खूण केली आणि वहिनींकडे वळले. मी ढकलगाडी बाजूला घेतली, कारण मागे रांग वाढत होती आणि भाऊ १९५६ पासून सुरू झाले होते.