बूट नवे आहेत

१९८१ साली हाँगकाँगमध्ये ब्रिटिश फौजेतल्या गुरखा जवानांनी १०० किलोमीटरची डोंगरवाट सराव म्हणून तुडवली आणि सोबत देणग्याही गोळा केल्या. त्यातूनच पुढे ‘ऑक्सफॅम ट्रेलवॉकर’ उभा राहिला. चौघांचा संघ, ४८ तासांची मुदत, आणि शेवट गाठायचा तो चौघांनी मिळून.

हे वाचून आमच्या सोसायटीतले चौघे पेटून उठलो. पहिला सराव पुण्यातल्या तळजाई टेकडीवर झाला. अडीच किलोमीटर चाललो आणि उरलेलं अंतर मिसळीवर भरून काढलं. बूट मात्र असे घेतले, की एव्हरेस्टनेच उठून जागा द्यावी. दुसऱ्या रविवारी एकाचा गुडघा आडवा आला, तिसऱ्या रविवारी दुसऱ्याच्या सासूबाई.

चालणं तरी सोपं, मागणं महाकठीण. सोसायटीच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकला. २१ अंगठे आले, ७ जोडलेले हात आले (हे नमस्कार होते की माफी, कळलं नाही), रुपया एकही नाही. मग काकांचा फोन. “अरे, चालायचे पैसे कसले मागतोस? १८ वर्षं आळंदीहून पंढरपूरला चालतोय, वाटेत लोक मलाच जेवू घालतात!”

तरी ५०१ रुपये पाठवले ते त्यांनीच. आमची एकूण जमा तेवढीच. चार जोड बुटांना किती गेले, ते घरी सांगितलेलं नाही.

माझा जोड ९ नंबरचा आहे, फारसा न वापरलेला. कुणाला हवा असल्यास कळवावे.