रुपेरी दोरीचा काउंट किती?

सोलापुरात आता आत्म्यांच्या सहली निघणार आहेत. तीन दिवसांचं निवासी शिबिर, मंगल कार्यालयात, चहा-नाश्त्यासह. शरीर सतरंजीवर आडवं टाकायचं आणि आपण वर निघायचं. पहिल्या दिवशी छतापर्यंत, दुसऱ्या दिवशी गच्चीवर, तिसऱ्या दिवशी थेट हिमालय. शुल्क 5,100 रुपये. पत्रकाच्या तळाला बारीक टीप: ‘साधकांनी चादर सोबत आणावी.’ भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीच्या गावात ही टीप वाचून मी पत्रकाला मनोमन नमस्कार केला.

हिमालय मी मुकाट्याने गिळला. सूक्ष्म देह गिळला. घास अडकला तो एका वाक्यावर: ‘घाबरू नका. आपला सूक्ष्म देह रुपेरी दोरीने शरीराशी जोडलेला असतो. ही दोरी कधीही तुटत नाही.’

कधीही तुटत नाही! हे सोलापुरात छापायला छाती लागते. या गावाच्या कित्येक पिढ्यांचं आयुष्य तुटलेली तार सांधण्यात गेलं. इथल्या पोराला बाराखडीच्या आधी कांडी भरता यायची. अशा गावाला न तुटणाऱ्या धाग्याची खबर पत्रकातून लागावी? मी तडक शेजारच्या अण्णांकडे गेलो; ते माग सांभाळणारे निवृत्त जॉबर.

“अण्णा, कधीच न तुटणारं सूत बघितलंय का?”

“न तुटणारं सूत असतं तर मला कामावर कोण ठिवलं असतं बे?” अण्णांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. “काउंट लिहिला नाही की ह्यात.”

खरंच, काउंट, म्हणजे सुताचा जाड-बारीकपणा, लिहिलेला नव्हता. दोरी एकेरी की दुपदरी? पीळ किती? रुपेरी रंग पक्का की पहिल्या धुण्याला उतरणारा? सोलापूर ते हिमालय सरळ रेषेत धरलं तरी सुमारे दीड हजार किलोमीटर होतात. एका आत्म्यामागे जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटर सूत सुटणार आणि परत गुंडाळलं जाणार; ते कुठल्या बीमवर? बरं, हॉलमधून एकाच वेळी पन्नास-साठ जण वर निघणार. त्यात एक आत्मा कुणाच्या डावीकडून, दुसरा उजवीकडून, तिसरा हौशी, तो दोघांच्या मधून. परतेपर्यंत वर एक जकार्ड तयार! आणि पंख्याचं काय? सोलापूरच्या मे महिन्यात पारा 43 च्या वर असताना मंगल कार्यालयातले पंखे बंद ठेवायची कुणाची टाप आहे? साधक छताशी पोचायच्या आतच पंख्याने त्याची दोरी ओढून घेतली, म्हणजे खाली शरीर घोरतंय, वर मालक गरगर फिरतोय. आणि समजा गुंता झालाच, घाईत दोऱ्या उलटसुलट सांधल्या गेल्या, तर कन्ना चौकातल्या माणसाचा आत्मा जुळे सोलापुरातल्या शरीरात शिरायचा आणि सकाळी दोन घरांत दोन बायका कपाळाला हात लावून बसायच्या. अण्णांचं म्हणणं, शिबिरात निदान एक जॉबर पाहिजेच, आणि तोही रात्रपाळीचा.

इथवर हसून झालं. मग पत्रक उलटलं आणि हसू गेलं. मागे पात्रता दिलेली आहे. ‘रात्री अचानक जाग येते पण हातपाय हलत नाहीत? छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं? खोलीत कुणी उभं दिसतं? अभिनंदन! आपला आत्मा सैल झालेला आहे.’

अभिनंदन कसलं करता? याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. शंभरातल्या सात-आठ जणांना तो आयुष्यात एकदा तरी येतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातपाय सैल सोडतो, नाहीतर स्वप्नातल्या मारामारीत शेजारच्याचे दात पडले असते. कधी जाग आधी येते आणि सैल पडलेलं अंग मागाहून हलतं. तेवढे काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं, माणूस अर्धा जागा असतो आणि अर्धा स्वप्नात. म्हणून छाती दाबल्यासारखी वाटते, म्हणून कोपऱ्यात कुणी उभं दिसतं. अपुरी झोप, ताण, उताणं झोपणं आणि वरचेवर बदलणारी कामाची पाळी यांनी हा प्रकार वाढतो. रात्रभर खडखडत्या मागावर उभं राहून दिवसा पत्र्याखाली झोपू पाहणाऱ्या पोराला हा त्रास होणार नाही तर कुणाला? गल्लीत त्याला ‘भूत बसलं’ म्हणत होते आणि लिंबू उतरवत होते. आता त्याच पोराला ‘तू निवडलेला आहेस’ म्हणतात आणि 5,100 मागतात. लिंबू तरी पाच रुपयांत यायचं! त्या पोराला झोप हवी आहे. ती द्यायची तर पाळी सुधारावी लागेल, खोली गार करावी लागेल, मजुरी वाढवावी लागेल. त्यापेक्षा हिमालय स्वस्त पडतो, शिवाय त्याचे पैसे पोरगंच भरतं.

उरला प्रश्न वरून स्वतःला पाहण्याचा. जिनिव्हातल्या डॉक्टरांनी 2002 साली फेफऱ्याच्या एका रुग्णाच्या मेंदूत, उजव्या कानामागच्या बाजूला, विजेचा सौम्य झटका दिला. बाई म्हणाली, मी वरून मला पाहतेय. वीज थांबली, बाई खाली आली. ना शिबिर, ना दोरी. पुढे 15 रुग्णालयांत छताजवळ फळ्या ठोकून त्यांवर चित्रं ठेवली, फक्त वरूनच दिसतील अशी. हृदय थांबून परत सुरू झालेल्यांना विचारायचं, चित्र कसलं होतं? 2014 साली निकाल छापून आला. हृदय थांबल्याच्या 2,060 घटना, चित्र सांगणारा एकही नाही. तो क्षण पाहिल्या-ऐकल्याचं ज्या दोघांना आठवत होतं, ते होते त्या जागी फळीच नव्हती. इतकं नशीब तर सरकारी टेंडरलाही लाभत नाही.

आयोजकांनी आपल्या हॉलमध्ये तेवढी एक फळी ठोकावी. वर एक आकडा लिहून ठेवावा. पहिल्या रात्री आकडा सांगेल त्या साधकाचं शुल्क परत. मी स्वतः सुतार पाठवतो.

तोवर ज्यांना छाती दाबल्यासारखं होतं त्यांनी कुशीवर झोपावं, झोपेची वेळ शक्यतो बदलू नये आणि वारंवार होत असेल तर डॉक्टर गाठावा. भूत उतरवतो म्हणून कुणी मारहाण केली, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे; पोलिसांत जावं. आणि घोरता घोरता श्वास मध्येच अडत असेल, तर तो आत्मा निघाल्याचा आवाज नव्हे, श्वसनमार्ग बंद पडल्याचा आहे. तुमचा श्वास अडतो की नाही हे बायकोला विचारा. तुमच्या घोरण्यापायी ती रोज रात्री जागीच असते.