बॉटनीवाले काका

प्रत्येक सहलीत एकजण असा असतोच, जो पाण्यात न उतरता झाडाखाली उभा राहून सावज हेरतो. आमच्या सोसायटीत हे खातं बॉटनीवाल्या काकांकडे. कॉलेजातून कधीच निवृत्त झाले, पण तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही.

अलिबागला त्यांचा सापळा म्हणजे सुरूचं बन. कुणीतरी खाली पडलेलं खरबरीत बोंड उचलतो आणि म्हणतो, "अरे वा, पाइनचा कोन!" संपलं.

"कोन नाही तो! सुरू हे फुलझाड आहे."

"मग फुलं कुठायत?"

"परागण वारा करतो. रंग-वास कुणासाठी करायचा? आणि या प्रत्येक चोचीत एक पंखवालं फळ होतं, बी त्याच्या आत." मग ते सुईचा सांधा न् सांधा तोडून दाखवतात. ही पानं नव्हेत, डहाळ्या. पानं म्हणजे सांध्यावरचे हे बारीक दात. श्रोता ओल्या चड्डीत कुडकुडत "हो, हो" म्हणतो.

पाइन-देवदाराचं बी शंकूच्या खवल्यावर उघडंच बसतं, त्याला फळाचं घर नाही. चिलगोजा म्हणजे तेच. फुलझाडांच्या जाती सुमारे ३ लाख, उघड्या बीवाल्यांच्या जेमतेम हजारभर. काकांची माया अर्थातच अल्पसंख्याकांवर.

शहाळं तोंडाला लावलेल्या माणसालाही सुटका नसते. "तुम्ही पिताय ती गर्भाची शिदोरी! पाइन ती आधीच बांधून ठेवतो, गर्भ धरो न धरो. फुलझाड हिशेबी, एक शुक्रपेशी गर्भासाठी, दुसरी शिदोरीसाठी, दोन्ही कामं एकदमच. वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिननं हे १८९८ साली लिलीत पाहिलं." शहाळं अर्धंच राहतं.

लहानपणी वहीत विद्येचं पान जपणाऱ्या आमच्या पिढीवर त्यांचा विशेष राग. ते पान मोरपंखीचं आणि मोरपंखी शंकूवाल्यांच्या कुळातली, हे एकालाही ठाऊक नव्हतं, आणि तरी सगळे पास झाले!

परवा नर्सरीत माळ्यानं एक कुंडी पुढे केली. "घ्या साहेब, सागो पाम."

"पाम? अहो, पाम म्हणजे नारळाचा भाऊबंद, फुलझाड. हा सायकस. याचं बी उघडं!"

माळ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "पामचे आठशे, साहेब. सायकस असेल तर बाराशे."

काकांनी बाराशे मोजले आणि पावतीवर 'सायकस' असं लिहून घेतलं.